रावांचं व्याख्यान गुरुवारी

डिसेंबरचं ऊन गच्चीवर उतरलं की त्याच्या मागोमाग आमच्या सोसायटीतल्या परीक्षावाल्या मुली येतात. सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, मोबाइल आणि कपाळावर आठ्या. मीही गुडघ्यांना ऊन द्यायला वर जाते. काल त्यांच्यातली प्राजक्ता पुस्तकातल्या कोड्याला वैतागून म्हणाली, "काकू, आठ माणसं आठ मजल्यांवर राहतात, आणि एकालाही आपला मजला सरळ सांगता येत नाही. असल्या बिल्डिंगला आगच लावली पाहिजे!"

मी तिच्या हातातली पेन्सिल घेतली. "आधी ज्याची जागा पक्की आहे त्याला बसव. मग जोडीनं येणाऱ्यांना. एकट्यादुकट्यांचं शेवटी बघू." थोड्या वेळात आठही जण आपापल्या मजल्यावर सुखरूप पोचले. मुली माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काकू, तुम्ही कुठला क्लास लावला होता?"

क्लास! मला एकदम भाजलेल्या शेंगांचा वास आला. संत्र्याहून जाड सालीच्या किनूचा वास आला, आणि उन्हात टाकलेल्या रजयांचा. चंदीगडचा हिवाळा असा वासांनीच येतो माझ्याकडे, न सांगता.

पंजाबातली ती दहशतवादाची, वाईट वर्षं होती. श्रीकांतना, म्हणजे माझ्या यजमानांना, सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नांदेडला आमच्या घरी रेडिओवर पंजाबच्या बातम्या लागल्या की ताटातला घास ताटातच राहायचा. "कशाला जायलाव तिकडं?" बाबा स्टेशनवरसुद्धा विचारत होते. आई गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजातून माझं बोट धरून उभी राहिली.

चंदीगडला घर शोधताना कळलं, की भीती दोन्हीकडून असते. अनोळखी माणूस दिसला की लोक फाटक अर्धंच उघडायचे आणि नम्रपणे नाही म्हणायचे. असंच एका फाटकापाशी आम्ही उभे होतो. आत बाजेवर एक गोरीपान, लठ्ठ बाई मांडीवर परात घेऊन मटार सोलत होती. "कित्थों आए हो?" तिनं विचारलं. श्रीकांत म्हणाले, महाराष्ट्रातून. तिचे हात थांबले नाहीत. मग मी आपलं म्हटलं, "नांदेड."

"नांदेड? हजूर साहिब?"

ती अशी उठली की मटार अंगणभर पळाले. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या डोळ्यांना लावले. तोवर त्या हातांनी पुण्यकर्म असं काहीच केलं नव्हतं. मी फक्त त्या गावात जन्मले होते, गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरून शाळेत जात होते. पण तिनं आत वळून हाक मारली, "दारजी, बघा, हजूर साहिबची मुलगी आलीय!" माहेरवाशीण यावी तशी. वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या, आणि त्यांच्यापुढची सगळी गच्ची.

ती बीजी. दारजी तिचे यजमान, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे सरदारजी. सगळं घर त्यांना दारजी म्हणायचं, बीजीसुद्धा. आणि त्यांची एकुलती मुलगी रुपिंदर. नुकतीच एम.ए. झालेली. हसली की डोळे पूर्ण मिटायचे तिचे, आणि ती सारखी हसायची.

रुपिंदरला बँकेत नोकरी करायची होती. घरात मात्र कॅनडाचं बोलणं चाललं होतं. त्या वर्षांत ज्याला जमेल तो आपली मुलं बाहेर पाठवत होता. व्हँकुव्हरकडचं एक स्थळ आलं होतं, मुलाचा फोटो आला होता, मुलगा दिसायला चांगला होता. "चांगला आहे गं, दीदी," रुपिंदर मला म्हणाली, "पण तो तिकडे आहे. मला इथे राहायचंय." दारजींनी मधला मार्ग काढला होता. बँकेची परीक्षा एकदा दे. झालीस पास, तर कॅनडाला नकार कळवू. नाही झालीस, तर लगेच लग्न.

परीक्षेच्या तयारीचे क्लास संध्याकाळी असत, आणि अंधार पडायच्या आत बसगाड्या बंद होत. तेव्हा क्लास नाही. सेक्टर १७ मधून तिनं रीझनिंगचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि जिना चढून वर आली. "दीदी, तू बी.एस्सी. आहेस ना? मग तूही परीक्षेला बस. एकटीनं हे वाचलं तर मी वेडी होईन."

दिवसभर रिकामी असायचे मी. बसले.

गणित, इंग्रजी आम्ही कर्तव्य म्हणून करायचो. जीव रमायचा तो वेळापत्रकांच्या कोड्यांत. कोण कुठल्या वारी व्याख्यान देतो, कोण कुणाच्या आधी रजेवर जातो, कुठल्या डॉक्टरची ड्यूटी कुठल्या दिवशी. चार ओळींची माहिती, तीही आडवळणानं सांगितलेली, आणि तेवढ्यावरून सगळा आठवडा लावायचा. रुपिंदर ते मोठ्यांदा वाचायची, पंजाबीत भाषांतर करत, कारण शेजारी बाजेवर बीजी साग, म्हणजे मोहरीची पालेभाजी, निवडत बसलेली असायची आणि तिला सगळं कळायला हवं असायचं.

बीजीला कोडं सोडवण्यात काडीचाही रस नव्हता. तिला माणसांत रस होता. "अनिता सुनीताशेजारी बसत नाही" असं वाक्य आलं की तिचा हात थांबायचा. "का नाही बसत? भांडण झालंय?" रुपिंदर म्हणायची, "बीजी, तसं काही नसतं, फक्त बसत नाही." "फक्त कसं? बायका उगीच उठून दुसरीकडे बसतात होय?" मग ती स्वतःच कारण शोधायची. सुनीता अनिताच्या मुलीच्या लग्नात काहीतरी बोलली असणार. तिसऱ्या कोड्यापर्यंत अनिताची मुलगी सासरी नांदायलाही लागलेली असायची. आम्ही हसून हसून पेन्सिली खाली ठेवायचो. पण एक सांगते, बीजीनं ज्यांना घरदार दिलं त्या माणसांच्या जागा आम्ही कधी चुकलो नाही. नुसतं अ आणि ब असलं की गोंधळ व्हायचा.

जानेवारीच्या सुरुवातीला भुआजी आली. भुआ म्हणजे आत्या. दारजींची ही थोरली बहीण अमृतसरकडच्या एका खेड्यात एकटी राहायची. रात्री दारावर थाप पडली की बाहेर कोण उभं आहे, बंदूक कुणाच्या हातात आहे, हे कळायचं नाही. शेवटी घराला कुलूप लावून ती भावाकडे आली. बारीक, ताठ, पांढऱ्या ओढणीतली. कॅनडाचं स्थळ तिनंच आणलेलं होतं. बीजीचं आणि तिचं फारसं जमत नसे. गच्चीवर ती आपली बाज दूर ओढून, आमच्याकडे पाठ करून विणत बसायची. सुया तेवढ्या बोलायच्या.

एके दिवशी कोडं होतं पाच प्राध्यापकांचं. सोमवार ते शुक्रवार, रोज एकाचं व्याख्यान. गुप्तांचं बुधवारी. वर्मांच्या दुसऱ्याच दिवशी मेहता. राव पहिल्या दिवशीही नाहीत आणि शेवटच्याही नाहीत. सेन गुप्तांच्या आधी नाहीत.

बीजी लगेच कामाला लागली. मेहता वर्माच्या पाठोपाठच येतो, म्हणजे वर्माची बहीण त्याच्या घरात दिलेली असणार. पण तिचा जीव अडकला रावात. "बघ ना, बिचारा. पहिल्या दिवशी त्याला बोलवत नाहीत, शेवटच्या दिवशीही नाही. तुमच्याकडचा आहे ना गं हा?" माझ्याकडे बघून. मी म्हटलं, "थोडा खाली, दक्षिणेकडचा आहे, बीजी, पण जवळचाच." "मग! इतक्या लांबून आला आणि त्याला कोणी विचारत नाही."

तेवढ्यात मागून, पाठ न वळवता, भुआजी म्हणाली, "उहनूं वीरवार दे दो."

आम्ही चमकलो. तीन आठवड्यांत तिनं गच्चीवर उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. वीरवार म्हणजे गुरुवार. रुपिंदरनं घाईघाईनं कोडं मांडलं. गुप्ता बुधवारी पक्के. वर्मा-मेहता जोडी पुढे घातली तर सेनना गुप्तांनंतर जागाच उरत नाही, म्हणून जोडी सोम-मंगळवारी. राव शेवटी नकोत, म्हणून शुक्रवार सेनांना. आणि राव? गुरुवार!

"भुआजी! तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचंय काय," ती म्हणाली. "वीरवार चांगला वार असतो. पाहुण्याला चांगला वार द्यावा."

रुपिंदर बाजेवर आडवी झाली हसता हसता. बीजीच्या परातीतला साग उडाला. आणि भुआजीच्या त्या ताठ पाठीला मी हलताना पाहिलं. तीही हसत होती. दुसऱ्या दिवशी तिची बाज हातभर अलीकडे आली. त्या आठवड्याच्या शेवटी ती आमच्यात होती आणि बीजीशी तावातावानं भांडत होती, की सेन शुक्रवारी बोलला तर घरी कलकत्त्याला कधी पोचणार.

त्याच महिन्यात एक दिवस असा आला, की सकाळी वर्तमानपत्र फाटकापाशीच पडून राहिलं. रस्त्यावर एक बस अडवून तिच्यातल्या हिंदू प्रवाशांना मारलं, ते सगळ्यांना रेडिओवरून आधीच कळलं होतं. दारजी आतल्या खोलीत गुरुबाणीचा पाठ म्हणत बसले. श्रीकांत संस्थेत जाऊन लगेच परत आले. त्या दिवशी गच्चीवर ऊन पडून होतं आणि कोणी वर गेलं नाही. रुपिंदर जिन्यावर माझ्याशेजारी बसली. मी हिंदू, ती शीख, आणि त्या दिवशी प्रथमच आम्हा दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते सुचेना. मग तिनं आपलं डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. पुरे होतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बीजीच्या चपला जिन्यावर वाजल्या. पदरात शेंगा, हातात किनू. मागून भुआजी, विणकाम घेऊन. बीजी बाजेवर बसली, धाप टाकली आणि म्हणाली, "हां, सांग. आज कोण कुठं बसलंय?"

तेव्हा नाही, पण नंतर पुष्कळदा मला वाटलं, की आम्ही त्या कोड्यांना एवढे चिकटलो ते नोकरीसाठी नव्हेच. त्यांच्यात सगळ्यांना जागा मिळायची. शुक्रवार संपेपर्यंत पाचही जण बोलून, चहा पिऊन आपापल्या घरी गेलेले असायचे. कोणी वाटेत नाहीसं व्हायचं नाही.

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी होती. आणि नेमका त्याच रविवारी बंद पुकारला गेला. बस नाही, रिक्षा नाही, दुकानं नाहीत. परीक्षा मात्र होणार होती. आदल्या संध्याकाळी दारजींनी सांगून टाकलं, जायचं नाही. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पेपर पुन्हा येईल. मुलगी पुन्हा येत नाही."

रुपिंदर भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे, नेहमी हसण्यात मिटणारे, सताड उघडे होते. बीजी रडायच्या बेतात. मी मान खाली घातली, कारण मला दारजींचंही पटत होतं.

भुआजीनं सुया लोकरीत खुपसल्या. "मी जाते तिच्याबरोबर."

"बहेनजी, तुम्ही—"

"मी भीतीनं घराला कुलूप लावून आले, करनैल," ती भावाला नावानं हाक मारून म्हणाली. "माझं वय झालंय, मला शोभतं. आता ही पण घरात बसली, तर तिच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? कॅनडाला मीच पाठवत होते तिला. जाऊ दे तिला तिकडे, जायचं तर. पण घाबरून नको."

दारजींनी आपल्या दाढीवरून हात फिरवला. मग उठले आणि बीजीला म्हणाले, "सकाळी लौकर पराठे कर."

आणि मग ती वरात निघाली! पुढे दारजी, काठी आणि फेटा. मग रुपिंदर आणि मी, पेन्सिली आणि हॉलतिकिटं घेऊन. मागे बीजी आणि भुआजी, आणि सगळ्यांत शेवटी आमचे श्रीकांत, एका हातात थर्मास आणि दुसऱ्या हातात पराठ्यांचा डबा. दाट धुकं होतं. चंदीगडचे ते रुंद, सरळ रस्ते पूर्ण रिकामे. एक चौक यायचा, त्यात फुलांचं गोल वर्तुळ, पिवळी, जांभळी, दहिवरानं जड झालेली. मागे धुकं, पुढे धुकं, पुन्हा एक चौक. मी सगळं शहर पायांनी चालले ते त्या एका सकाळी. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी इतकं सुंदर वाटत होतं की कुणाला सांगायची लाज वाटावी.

एका नाक्यावर पोत्यांच्या मागून जवान बाहेर आला. आम्हा सहाजणांकडे त्यानं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ये किसकी बारात है?"

दारजी काही बोलायच्या आत भुआजी म्हणाली, "इम्तिहान दी." म्हणजे परीक्षेची.

तो पोरगाच होता. हसला. हॉलतिकिटं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "जाओ माताजी. पास हो गए तो लड्डू खिलाना."

परीक्षेच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी होती. कोडं आलं, गोल टेबलाभोवती बसलेल्या सहा जणांचं, आणि त्या सहांना नावंच नव्हती. नुसती ए, बी, सी, डी, ई, एफ. माझं डोकं गोठलं. शेवटी मी समासात त्यांची नावं लिहिली. बीजी, भुआजी, दारजी, श्रीकांत, रुपिंदर, मी. लगेच भुआजी बीजीच्या समोर जाऊन बसली, दारजी मध्ये आले, आणि बाकीचे आपोआप आपापल्या खुर्चीत. मला हसू आवरेना. पर्यवेक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. पेपर चालू असताना हसणारी मुलगी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी.

बाहेर आलो तर शाळेच्या हिरवळीवर सतरंजी पसरलेली, धुकं विरलेलं, आणि फाटकावरचा शिपाई आमच्या डब्यातला पराठा खात बसलेला. भुआजीचा पहिला प्रश्न, "राव आला होता का?"

निकाल उन्हाळ्यात लागला, अमलताशाच्या, म्हणजे बहाव्याच्या, पिवळ्या झुंबरांनी रस्ते भरले होते तेव्हा. रुपिंदर पास झाली, पुढे मुलाखतीतूनही पार पडली. मी राहिले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? बीजीनं माझ्या तोंडात अख्खा लाडू कोंबला आणि म्हणाली, बँकेला अक्कल नाही. पुढे आमची बदली झाल्यावर दुसऱ्या गावी मी पुन्हा बसले आणि लागले, आणि निवृत्त होईपर्यंत काउंटरमागे सुखानं राहिले.

कॅनडाला कळवायचं काम भुआजीनं स्वतःकडे घेतलं. ट्रंक कॉल लागला तेव्हा तिला वाटलं, एवढं लांब ऐकू जायचं तर ओरडलंच पाहिजे. सगळ्या गल्लीनं ऐकलं, "मुलगी बँकेत लागली! मुलाला म्हणावं, पाहिजे तर त्यानं इकडे यावं!"

तो आला नाही. रुपिंदरला नेमणूक मिळाली डेराबस्सीच्या शाखेत. कारखान्यांचं गाव, औषधांचा आणि रसायनांचा उग्र वास असलेलं, चंदीगडपासून बसनं जायचं. पहिल्या दिवशी सगळं घर फाटकाशी उभं होतं. तिनं फिकट निळा सूट घातला होता. ती बसमध्ये चढली, बस गेली, आणि आम्ही आत वळलो तर दारजी नव्हते. त्यांची स्कूटरही नव्हती.

संध्याकाळी ते रुपिंदरच्या थोडे मागे घरी आले. गुरुद्वाऱ्यात सेवेला बसलो होतो म्हणाले. दुसऱ्या दिवशीही सेवा. तिसऱ्याही. बीजी सकाळी त्यांच्यासाठीही चार रोट्यांचा डबा भरायला लागली.

एकदा रुपिंदर गच्चीवर केस वाळवत होती तेव्हा मला म्हणाली, "दीदी, मी पहिल्याच दिवशी काचेतून बघितलं त्यांना. बँकेसमोर चहाची टपरी आहे ना, तिथे बाकावर बसतात. दिवसभर. पेपर वाचतात, उलटा करून पुन्हा वाचतात. मग माझ्या बसच्या मागून स्कूटरवर येतात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर लाजले असते गं. आणि..." तिनं केस खांद्यावरून पुढे घेतले. "मलाही बरं वाटतं."

हिवाळा पुन्हा तोंडाशी आला होता. दिवस लहान होत चालले होते. एका संध्याकाळी बस आली आणि रुपिंदर उतरली नाही. बीजी गच्चीच्या कठड्याला घट्ट धरून उभी राहिली. भुआजी काहीतरी पुटपुटत होती. उजेड कमी होत होता. मी बीजीच्या पाठीवर हात ठेवला, तो तिच्यासाठी की माझ्यासाठी, माहीत नाही.

आणि मग कोपऱ्यावरून स्कूटर वळली. पुढे दारजी, चेहरा दगडासारखा गंभीर, दाढी वाऱ्यानं दुभंगलेली. मागे रुपिंदर, एका हातानं त्यांचा खांदा धरलेली, ओढणी मागे लांबच लांब उडत असलेली. बँक सुटल्यावर ती बसस्टॉपकडे गेलीच नव्हती. रस्ता ओलांडून सरळ टपरीवर गेली, दारजींच्या हातातला पेपर काढून घडी केली आणि म्हणाली होती, "चला दारजी, सेवा झाली. घरी जाऊ."

फाटकापाशी स्कूटर थांबली. दारजींनी वर, आमच्या तिघींकडे पाहिलं आणि फेटा सारखा केला. रुपिंदरचे डोळे पूर्ण मिटलेले होते.